दारूकोठाराची चावी

सातवीच्या वर्गात किल्ल्यांवरचा धडा चालू होता. 'दारूगोळा' हा शब्द आला आणि मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, किल्ल्यावर दारू कशाला ठेवायचे?" वर्ग खदखदून हसला. मीही हसलो, पण त्याचा प्रश्न बरोबर होता. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. उर्दूत आपण आजही 'दवा-दारू' म्हणतो. तोच शब्द मराठीत येऊन एकीकडे मद्य झाला आणि दुसरीकडे बंदुकीची पूड झाला. मुलांना एवढे सांगून मी पुढे गेलो, पण घरी आल्यावर त्या प्रश्नाचा दुसरा भाग डोक्यातून जाईना. किल्ल्यावर दारू ठेवायचे हे ठीक, पण ती कशी ठेवायचे? कुठे? आणि चावी कोणाकडे असायची?

आपला इतिहास शस्त्र चालवणाऱ्यांनी भरलेला आहे. तलवार कोणाची, तोफ कोणती, निशाणा कसा साधला, हे आपण तोंडपाठ सांगतो. ते शस्त्र सांभाळणाऱ्याचे नाव मात्र कुठे येत नाही. तो हवालदार, तो पहारेकरी, तो कोठारवाला चुकला की काय होते, याची गोष्ट मात्र आपल्या खानदेशातच घडून गेली आहे.

मालेगावचा किल्ला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मोसम नदीच्या काठचा हा भुईकोट सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४० च्या सुमारास बांधायला घेतला. आज मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे, पण १८६९ मध्ये नाशिक जिल्हा होईपर्यंत ते खानदेशातच मोजले जाई. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांचा लेफ्टनंट कर्नल मॅकडोवेल फौज घेऊन या किल्ल्यासमोर आला, तेव्हा आत अरब शिबंदी होती. मराठी सरदारांच्या पदरी पगारावर लढणारे हे अरब किल्ला लढवण्यात पटाईत समजले जात. ३ जूनला खुद्द बाजीराव पेशवे माल्कमच्या स्वाधीन झाले. ज्यांच्या नावाने लढाई चालू होती ते राज्यच संपले, तरी मालेगावचे अरब हटले नाहीत. २९ मे रोजी इंग्रजांनी केलेला हल्ला त्यांनी परतवून लावला होता आणि त्यात हल्ल्याच्या पुढे असलेला इंजिनिअर अधिकारीही मारला गेला. संपूर्ण वेढ्यात इंग्रजांचे दोनशेहून अधिक लोक मेले वा जखमी झाले.

मग अहमदनगरहून नव्या उखळी तोफा आल्या. ११ जूनला सकाळपासून त्यांचा मारा सुरू झाला आणि दुपारच्या आत किल्ल्यातली दारूकोठारे उडाली. तटाचा मोठा भाग खंदकात कोसळला आणि आतला भाग उघडा पडला. महिनाभर जे बाहेरच्या तोफांना जमले नव्हते ते आतल्या दारूने क्षणात केले. दोन-तीन दिवसांत किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.

भाषेच्या शिक्षकाला या कथेतली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. शरणागतीच्या वेळी अरबांना जो मराठी कागद दिला गेला त्यातल्या शब्दांचा अर्थ इंग्रजांच्या मनात होता त्याहून बराच उदार निघत होता. एल्फिन्स्टनने तो अर्थ अरबांच्या बाजूने मान्य केला. म्हणजे दारूने जे घालवले त्यातले थोडेसे शब्दाने परत मिळवून दिले.

कोणी म्हणेल, इंग्रजांची शिस्त मोठी, त्यांच्याकडे असे होत नसणार. पुढच्याच वर्षी, मार्च १८१९ मध्ये, अशीरगडच्या वेढ्यात नेमके हेच इंग्रजांच्या बाजूला झाले. फारुकी सुलतानांचा हा अभेद्य मानला गेलेला गड, सातपुड्यातला. त्याच्यासमोर रचलेल्या तोफांच्या मोर्चाच्या मागे दारूची शंभराहून अधिक पिंपे ठेवलेली होती. ती अपघाताने पेटली आणि शंभराच्या आसपास देशी शिपाई मेले किंवा जायबंदी झाले. शत्रूची गोळी लागली नव्हती. साठा चुकीच्या जागी होता, एवढेच. अशीरगड एप्रिलमध्ये पडला. त्या शिपायांची नावे आपल्याला कुठे वाचायला मिळत नाहीत.

म्हणजे शिस्त कोणाची, धर्म कोणता, झेंडा कोणता, याचा दारूला फरक पडत नाही. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे ते मिश्रण. साधारण पंच्याहत्तर, पंधरा आणि दहा असे प्रमाण. सोरा नीट शुद्ध केलेला नसेल तर त्यातले मीठ हवेतली ओल ओढते आणि दारू सर्द होते. मग ऐन वेळी ती पेटत नाही. आणि फार कोरडी ठेवली तर एका ठिणगीने पेटते. ओल आणि आग या दोन शत्रूंच्या मधे तिला सांभाळायचे असते. ज्याने धान्याची कोठी सांभाळली आहे त्याला यातली अर्धी अडचण कळेल. उरलेली अर्धी अशी की धान्य सडले तर एक घर उपाशी राहते, दारू बिघडली तर किल्ला जातो.

हे ज्ञान आपल्याकडे नव्हते असे मात्र नाही. मालेगावच्या स्फोटाच्या सुमारे शंभर वर्षे आधी, १७१५-१६ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' लिहिले. शिवाजी महाराजांच्या काळापासून राज्यकारभार पाहिलेला हा माणूस. राज्य कसे चालवावे हे सांगताना तो दारूखान्यासाठीही जागा राखतो. त्याचा आशय माझ्या शब्दांत असा : दारूखाना राहत्या घरांजवळ नको, सदरेपासून लांब हवा. त्याच्या भोवती चांगले भक्कम कुंपण हवे. आत तळघर करावे, त्याची जमीन पक्की गच्चाची करावी. दारू थेट जमिनीवर ठेवू नये, माच घालून त्यावर ठेवावी. ओल लागू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहर करून आत ठेवावे. रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणाला आसपास फिरकू देऊ नये.

मी हा भाग पहिल्यांदा बीएडच्या दिवसांत वाचला तेव्हा नुसता चाळून गेलो होतो. आता पुन्हा वाचताना लक्षात येते की तीनशे वर्षांपूर्वीच्या या सूचनांत आजच्या कुठल्याही नियमावलीची पाचही कलमे आहेत. अंतर, कोरडेपणा, ठराविक दिवसांनी तपासणी, मोहर आणि पहारा. त्यातले मोहरेचे कलम मला सर्वात शहाणपणाचे वाटते. मोहर चोराला थांबवत नाही. पण कोणी हात लावला तर ते कळते. आणि तपासणी करणारा हवालदार नावानिशी जबाबदार धरला जातो. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीतही तोफखाना वेगळा आणि दारूखाना वेगळा. शस्त्र एका ठिकाणी, त्याचे अन्न दुसऱ्या ठिकाणी.

आता शब्दांकडे जरा पाहू, कारण ते माझे रोजचे काम आहे. 'कुलूप' हा आपला अगदी घरगुती मराठी शब्द अरबीतल्या 'कुफ्ल'वरून आला. उर्दूत तो आजही 'क़ुफ़्ल' आहे. 'बंदूक' अरबीतून, 'तोफ' तुर्कीतून. 'शिलेदार' म्हणजे 'सिलाह' बाळगणारा, सिलाह म्हणजे हत्यार. ज्या शब्दांनी मराठी माणसाने लढाई केली ते शब्द त्याने कोणाचे आहेत हे न विचारता वापरले. आणि या सगळ्यांत सर्वात मजेचा शब्द 'मॅगझीन'. तो इंग्रजी वाटतो, पण त्याचे मूळ अरबी 'मख़ज़न', म्हणजे साठवण्याची जागा. युरोपात गेल्यावर त्याचा अर्थ दारूकोठार झाला, पुढे लेखांचा साठा म्हणून मासिक झाला, आणि बंदुकीत काडतुसे भरायचा भागही झाला. लाहोरहून शेख अब्दुल कादिर यांनी १९०१ मध्ये उर्दू मासिक काढले त्याचे नाव 'मख़ज़न'च होते. इक़बाल यांची 'हिमाला' ही कविता त्यात छापून आली. त्याच 'ख़-ज़-न' धातूचा आपला आणखी एक शब्द म्हणजे 'खजिना'. दारू असो, पैसा असो की विचार, साठवलेल्या गोष्टीची जोखीम सारखीच, असे जणू ती भाषा सांगते.

१८५७ नंतर मात्र कुलूप दारूवरून माणसांवर आले. आपल्या भागात काजरसिंग ऊर्फ खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी सातपुड्यात बंड उभे केले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला मोठी लढाई झाली आणि अनेक भिल्ल तिथे मारले गेले. बंड मोडल्यावर सरकारने हत्यारे काढून घेण्याचे कायदे केले आणि शेवटी १८७८ चा शस्त्र कायदा आला. त्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवला, आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. त्याच वर्षी, त्याच व्हाइसरॉय लिटनच्या काळात, देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर बंधने घालणारा कायदाही आला. म्हणजे एका वर्षात दोन्ही मख़ज़नांना कुलूप. वृत्तपत्रांचा कायदा चार वर्षांत रद्द झाला. शस्त्रांचा कायदा इंग्रज जाईपर्यंत आणि त्यानंतरही बरीच वर्षे राहिला.

हा अन्याय होता यात शंका नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला, तो याच रागातून. पण इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवली पाहिजे. शस्त्र कोणाकडे असावे हा एक प्रश्न. शस्त्र कसे ठेवावे हा दुसरा. पहिल्या प्रश्नात सरकारने आपल्यावर अविश्वास दाखवला म्हणून आपण दुसऱ्या प्रश्नालाही अपमान समजू लागलो. परवान्याच्या कागदाचा राग कुलुपावर निघाला. त्याचे परिणाम आजही घराघरांत दिसतात, त्याकडे मी येतोच.

त्याआधी एक तारीख. १४ एप्रिल १९४४. धुळ्याच्या माणसाला ही तारीख चिमठाण्यामुळे माहीत असते. त्या दिवशी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. डॉ. उत्तमराव पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी अशी माणसे त्यात होती. साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम प्रतिसरकारच्या कामी गेली. खजिन्याबरोबर सशस्त्र पोलीस होते. बंदुका होत्या म्हणून खजिना वाचला नाही.

त्याच दिवशी, दुपारी, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज जळत होते. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्या सोबतीला कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी. खानदेशातल्या कापूस पिकवणाऱ्याला हे ऐकूनच घाम फुटेल. दाबलेल्या गाठीत आग लागली तर ती बाहेर दिसत नाही, आत धुमसत राहते, आणि पाणी मारून सहज विझत नाही. धोक्याचा माल उतरवायला जहाजाला पहिला नंबर मिळायला हवा होता, तो मिळाला नाही. धोक्याचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. आठशेहून अधिक माणसे गेली, त्यांत आग विझवायला धावलेले अनेक जवान होते. १४ एप्रिलपासून देशभर जो अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो त्यांच्याच आठवणीत. अमात्यांनी सांगितलेले पहिले कलमच तिथे मोडले होते. पेटणारी वस्तू आणि पेटवणारी वस्तू एका छताखाली ठेवायची नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्या खानदेशात शस्त्रसाठवणीशी संबंधित दोन कारखाने उभे राहिले. भुसावळचा १९४९ चा आणि वरणगावचा १९६४ चा. वरणगावात लहान शस्त्रांच्या गोळ्या होतात. भुसावळात दारूगोळा ठेवण्याच्या आणि नेण्याच्या पेट्या, डबे होतात. गोळी बनवणे जितके कौशल्याचे, तितकाच तिचा डबा बनवणेही. नुसता डबा बनवायला सरकार अख्खा कारखाना चालवते, हे मुलांना सांगितले की त्यांना पटते की ठेवणे हे काम आहे. आणि जिथे सगळे तज्ज्ञच आहेत तिथेही चूक जीवघेणी असते. ३१ मे २०१६ च्या पहाटेआधी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारात आग लागून किमान १६ जणांचा जीव गेला.

आता घरात येऊ. माझे बालपण धुळ्याजवळच्या एका खेड्यात गेले. आमच्या शेजारच्या काकांकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. शेतात रानडुकरे येत म्हणून घेतलेली. ती बैठकीत खुंटीला टांगलेली असे. तिचा त्यांना अभिमान होता आणि आम्हा पोरांना तिची ओढ. काडतुसे काकूंच्या ज्वारीच्या कोठीत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा मुलगा आणि मी बैठकीत एकटेच होतो. त्याने बंदूक काढली, "खाली शे रे," म्हणाला, आणि माझ्याकडे रोखून हसला. मग का कोण जाणे, नळी वर केली आणि घोडा ओढला. ती खाली नव्हती. आदल्या रात्री शेतातून आल्यावर काका काडतूस काढायचे विसरले होते. पत्र्याला मुठीएवढे भोक पडले. कानात कितीतरी वेळ शिट्टी वाजत राहिली. अम्मी धावत आली आणि तिने मला मारले नाही, नुसते चाचपून पाहिले, पुन्हा पुन्हा.

काकांनी त्यानंतर बंदूक कपाटात ठेवली आणि चावी कंबरेला बांधली. पण पत्र्याचे भोक त्यांनी बरीच वर्षे बुजवले नाही. पावसाळ्यात तिथे खाली घमेले ठेवत. का, ते मी विचारले नाही. आता वाटते, तीच त्यांची मोहर असावी.

१९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम आता परवाना मागणाऱ्याकडून शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी घेतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा ठेवली आणि लग्नावरातीत हवेत गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा केला. परवाना संपला वा मालक वारला तर शस्त्र घरात ठेवता येत नाही, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावे लागते. निवडणूक आली की छाननी करून अनेकांना बंदूक जमा करायला सांगतात. पूर्वी आमच्याकडे यावर कुरकुर व्हायची, आमच्यावर भरोसा नाही का, म्हणून. मी सांगतो, पावती घ्या आणि निवांत झोपा. तेवढे दिवस तुमच्या नातवाचा हात तिथे पोचणार नाही. आणि सातपुड्याच्या वाटेने येणारा गावठी कट्टा ज्याच्या घरात आहे त्याला तर सुरक्षित ठेवण्याचा प्रश्नच पडत नाही, कारण त्याला तो लपवायचा असतो. लपवलेली वस्तू गादीखाली, धान्यात, पोराच्या दप्तराजवळ जाते. ती ठेवणे सुरक्षित होऊच शकत नाही.

ज्यांच्याकडे कायदेशीर शस्त्र आहे त्यांनी करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. घरात येताच नळी सुरक्षित दिशेला धरून शस्त्र रिकामे करायचे आणि रिकामे झाल्याची डोळ्यांनी खात्री करायची, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबायचे नाही. मॅगझीन, बोल्ट असे सुटे होणारे भाग काढून वेगळ्या कुलुपात. काडतुसे आणखी वेगळी, कोरड्या जागी. चावी एकाकडेच, खुंटीवर नाही. आणि ठराविक दिवशी सगळे उघडून मोजायचे. अमात्यांचा हवालदार करायचा तेच.

आपल्या पैगंबरांची एक हदीस सहीह बुखारीत आहे, तिचा भावार्थ सांगतो. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्याचे टोक हाताने धरून चालावे, म्हणजे कोणाला इजा होणार नाही. लढाईचा तो काळ, हत्यार बाळगायला कोणी मनाई केली नव्हती. तरी टोकाची जबाबदारी टोक बाळगणाऱ्यावर टाकली. गर्दीने सांभाळून चालावे असे सांगितले नाही.

मालेगावच्या किल्ल्यात आज शाळा आहे. जिथे २०० वर्षांपूर्वी दारू उडून तट कोसळला तिथे आता घंटा होते आणि मुले धावत वर्गात शिरतात. माझ्या सातवीच्या त्या मुलाला मी यंदाच्या सहलीत तिथे नेणार आहे. किल्ल्यावर दारू कशी ठेवायचे ते त्याला तिथेच, त्या पडक्या तटाजवळ उभे राहून सांगीन. आणि पत्र्याच्या भोकाची गोष्टही सांगीन, कारण त्याच्या घरी आजोबांची बंदूक आहे, हे त्यानेच मला नंतर स्टाफरूममध्ये येऊन हळूच सांगितले.